दीड वितीचं कोळपं

आज सकाळी ऊन पडलं. आठवडाभर झड लागली होती, आज उजाडताच आभाळ स्वच्छ. मस्तगडातल्या आमच्या गच्चीवरच्या दोऱ्या कपड्यांनी भरून गेल्या, सुनेने गाद्या उन्हात टाकल्या, खालच्या किराणावाल्याने दमट पोती दारात पसरली. सगळे खूश. मी मात्र चहा तसाच टाकून तुळशीच्या कुंडीपाशी गेले. मूठभर माती घेतली, घट्ट दाबली आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडली. गोळा थपकन पडला, फुटला नाही. म्हणजे अजून एक दिवस लागणार.

"आई, मातीत काय खेळताय?" सून म्हणाली.

"वाफसा बघते."

"कुंडीत?"

तिचं हसणं रास्त आहे. कुंडीत कसला वाफसा? पण ज्याने शेतात दिवस काढले आहेत त्याचा हात श्रावणातल्या उघडिपीत आपोआप मातीकडे जातो. पाऊस थांबला म्हणून जमीन लगेच कामाला येत नाही. आत ओल असावी पण वर चिखल नसावा, पायाला माती चिकटू नये, मुठीतला गोळा पडला की त्याचा भुगा व्हावा, अशी एक वेळ यावी लागते. तोच वाफसा. कधी तो चार दिवस टिकतो, कधी अर्धा दिवस. तेवढ्यात ज्याचं काम झालं त्याचं झालं. बाकीच्यांनी पुन्हा आभाळाकडे बघत बसायचं.

श्रावणावर भाळणाऱ्या लोकांचं मला फार नवल वाटतं. बदनापूरहून गाडीत बसायचं आणि खिडकीतून बघत 'काय हिरवंगार, काय हिरवंगार' करायचं. अहो, कोणतं हिरवं? पेरलेलं की न पेरलेलं? लांबून दोन्ही सारखंच दिसतं. न पेरलेलं तर जास्तच टवटवीत असतं. मला ते हिरवं बघवत नाही. घरातले म्हणतात, आईचा स्वभावच तिरसट. असेल. पण त्या हिरव्याखाली मी एक शेत गाडलं गेलेलं बघितलं आहे, आणि ते गाडायला माझीही एक ओंजळ माती लागली आहे. ती उघडीप दरवर्षी येते आणि मला पुन्हा त्याच बांधावर नेऊन उभी करते.

लढाई चालू होती ती वर्षं. कुठे चालू होती हे आम्हाला ठाऊक नव्हतं, फक्त रॉकेल मिळेनासं झालं आणि लोखंड दिसेनासं झालं, त्यावरून कळायचं. इथे निजामाचं राज्य होतं. मी जालन्याची, मस्तगडातच वाढलेली. वडिलांचं छोटं दुकान होतं, मी चार इयत्ता शिकले होते, आणि जवारी म्हणजे पोत्यातून मापात आणि मापातून जात्यात जाते एवढंच मला माहीत. लग्न होऊन गेले हसनाबादला, भोकरदन तालुक्यात, तेव्हा सतरा-अठराची असेन. बैलगाडीतून उतरले तेव्हा सासरच्या बायकांनी आधी माझे हात बघितले. तोंड नंतर.

शेतावर पहिल्या दिवशीच माझी फजिती झाली. बायकांची रांग लागली होती, प्रत्येकीने आपापली ओळ धरली होती, खुरपी भराभरा चालत होती. मीही मान खाली घालून खुरपत सुटले. मागून आवाज आला, "अगं ये जालनेवाले, काय करून राह्यलीस? तू तर जवारीच उपटून राह्यली की!"

"मला वाटलं गवत आहे," मी म्हणाले.

सगळ्या बायका कमरेवर हात ठेवून हसल्या. जिने हाक मारली ती मात्र हसली नाही. माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. उपटलेलं एक रोप तिने हातात घेतलं, त्याच्या मुळाची माती झटकली आणि ते परत खोचून दाबलं. "जगत न्हाई आता. पर टाकून बी देववत न्हाई," ती म्हणाली. मग माझं बोट धरून तिने ओळीवरून फिरवलं. "हे बघ. लहानपनी जवारी अन् गवत बहिनी-बहिनी दिसत्यात. पानाकडं बघू नको. वळ बघ. वळीत हाय ते आपलं. वळ सोडून हाय ते तण. एवढं ध्यानात ठिव, मंग तुला हसायला कुनाच्या बाची टाप न्हाई."

ती भागा. आमच्या बांधाला बांध लागून तिचं शेत. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला भागाक्का म्हणायचे. तिचा नवरा मागल्या साली पटकीत गेला होता. पदरात एक मुलगी, सरू, चार-पाच वर्षांची. घरात म्हातारा सासरा, त्याला सगळे आबा म्हणत. आणि गावातच वेगळा राहणारा दीर.

भागाक्काने मला त्या पावसाळ्यात काय काय शिकवलं, त्याला हिशोब नाही. खुरपं मनगटाने चालवायचं, खांद्याने नाही. लव्हाळ्याला नुसतं कापून उपयोग नाही, खालची गाठ काढावी लागते. केना उपटला की बांधावरच्या दगडावर पालथा टाकायचा, मुळं वर. मातीवर टाकला तर तिथेच पुन्हा धरतो. कोवळ्या केन्याची भजी होतात, तांदुळजा कोवळा असेपर्यंत भाजीला चालतो, तेव्हा दुपारी घरी जाताना पदराच्या ओट्यात शत्रूच भरून न्यायचा. हे ती गमतीने म्हणायची. "दुस्मन हाय, पर मीठ-मिरची घातली की बराबर लागतो."

पण खुरपं हे बायकांचं हत्यार, आणि खुरप्याने किती होणार? ओळीच्या आतलं तण खुरप्याने निघतं. दोन ओळींच्या मधलं सगळं रान साफ करायचं तर कोळपंच पाहिजे. आताच्या पोरांना कोळपं दाखवलं तर त्यांना ते मोडक्या पाळण्याचा तुकडा वाटेल. एक जाड आडवं लाकूड, त्याला खाली दोन पाय, त्या पायांना जोडलेली लोखंडी पट्टी म्हणजे पास. मागे धरायला रुमणं. बैल पुढे ओढतात, माणूस रुमणं दाबून मागे चालतो, आणि पास जमिनीखाली दोन बोटं सरकत तणाची मुळं कापत जाते. कापलेल्या मुळांचा एक ओला, कडसर वास सुटतो. एका बैलजोडीमागे दोन कोळपी बांधायची रीत होती, प्रत्येकामागे एक माणूस. बैलांच्या तोंडाला दोरीची मुसकी बांधायची, नाहीतर ते चालता चालता कोवळी जवारी खातात. भरल्या शेतातून उपाशी चालणारे ते बैल बघून मला सुरुवातीला वाईट वाटायचं.

कोळप्याला डोळे नसतात. पीक कुठलं, तण कुठलं, त्याला काही कळत नाही. त्याला फक्त दोन ओळींमधलं अंतर कळतं. आणि ते अंतर ठरतं पेरणीच्या दिवशी, तिफणीवर. तिफणीच्या फणांत जेवढं अंतर, तेवढ्या अंतरावर ओळी उगवणार. त्यातून दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सोडून उरेल तेवढीच कोळप्याची पास. म्हणून प्रत्येक घरची तिफण आणि प्रत्येक घरचं कोळपं एकाच सुताराने एकाच मापाने केलेलं असायचं. आमच्या घरचं माप दीड वीत. भागाक्काच्या घरचं दोन विती, कारण तिच्या नवऱ्याला विरळ पेरणी आवडायची. या घरचं कोळपं त्या घरच्या शेतात चालत नाही, हे हसनाबादेत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मला मात्र ते त्या साली कळलं, आणि जन्मभर विसरता आलं नाही.

पेरणीच्या आधी पारावर बैठक झाली होती. दिराचं म्हणणं, भावाच्या पाठीमागे मुलगा नाही, शेत आपल्याकडे यावं. भागाक्काचं म्हणणं, मी करून खाते. चार जाणत्यांपुढे दीर म्हणाला, "ठीक हाय. एक साल करून बघू द्या. रान साफ ठिवलं, पीक घरात आलं, तर तिचं शेत तिनं करावं. मी बिलकुल आडवा येनार न्हाई. पर तणात घातलं तर पोळ्याला मी ताबा घेईन, अन् तिनं पोरीला घेऊन माहेराला जावं." चौघांनी माना डोलावल्या. सगळ्या गावाला ते बोलणं बराबर वाटलं. मलाही वाटलं. बाईला एक साल मिळालं, हेच पुष्कळ, असं वाटायचे दिवस ते.

आणि ऐन पेरणीत भागाक्काच्या तिफणीचा मधला फण मोडला. सुताराकडे गर्दी एवढी की आठ दिवस हात लागणार नव्हता, आणि ओल तर निघून चालली होती. ती आमच्या ओट्यावर आली. आमची पेरणी आदल्या दिवशीच आटोपली होती, तिफण धुऊन भिंतीला उभी होती.

"आत्याबाई, तिफण द्या उद्याच्याला," ती माझ्या सासूबाईंना म्हणाली. आम्ही दोघी त्यांना आत्याबाईच म्हणायचो. "पर तुमची दीड वितीची. मंग कोळपं बी तुमचंच लागंल मला. माझं चालनार न्हाई."

"देऊ की," आत्याबाई म्हणाल्या. "तिफन दिली म्हंजी कोळपं देनं आलंच. त्याला काय इचारायचं?"

आणि तशी रीतच होती. ज्याने तिफण उसनी दिली त्याने तण काढायच्या वेळेला कोळपंही द्यायचं. कागद नाही, शपथ नाही, पण कुणी मोडत नसे. भागाक्का तिफण घेऊन गेली, आणि तिच्या शेतात आमच्या मापाच्या ओळी उगवल्या.

तिने ते नुसतं आमच्यावर सोडलं नव्हतं, हेही सांगायला हवं. झड लागायच्या आधी ती आपलं कोळपं घेऊन करीमचाचा लोहाराकडे गेली होती. मी बरोबर होते. पास तोडून लहान करता येईल का, म्हणून तिने विचारलं. चाचाने कोळपं उलटंपालटं करून बघितलं. "पास तो तोड देतूँ बाई. पन पाँव किधर बिठाना? नई लकडी बी लगती, नए छेद बी. और टूटा तो नया लोहा मेरे पास नईं, सब लड़ाई कू गया." मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "इनका कोलपा मिलनेवाला है ना तुमकू? फिर अच्छी चीज काय कू तोडना?"

भागाक्काने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मिळणार आहे, म्हणून. तिने कोळपं तसंच खांद्यावर टाकलं आणि आम्ही परत आलो. ती मान हलवणंही मला अजून आठवतं.

मग झड लागली. मोठा पाऊस असता तर पडून मोकळा झाला असता. ही नुसती भुरभुर, दिवस उजाडला आहे की नाही हेच कळू न देणारी. पंधरा-सोळा दिवस सूर्य दिसला नाही. भिंतींना बुरा आला, चुलीत गोवऱ्या धुमसायच्या, डोळे चुरचुरायचे. माणसं घरात कोंडली, बैल गोठ्यात कोंडले, आणि रानात तणाला मोकळं रान मिळालं. रोज कुणीतरी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बांधावर जाऊन यायचं, आणि येऊन नुसती खोळ झटकायचं. जवारी पिवळी पडत चालली होती. तण काळंभोर हिरवं. अशा वेळी शेतकरी देवाला शिव्या देतो असं लोक समजतात. तसं काही नाही. तो मुसकी विणत बसतो, रुमण्याला तेल लावतो, पासेला दगडाने धार करतो. आमच्या ह्यांनी त्या दिवसांत एकाच पासेला तीन वेळा धार केली.

आणि एक दिवस दुपारी वारा फिरला. संध्याकाळी पश्चिमेला पिवळी रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, आणि त्याच्या पुढच्या सकाळी, मुठीतली माती फुटली.

सगळं गाव शेतात लोटलं. त्या दिवशी हसनाबादेत घरात फक्त आजारी माणसं उरली असतील. जिकडे बघावं तिकडे बैल, कोळपी, हाका. आमच्या शेतात पुढे एका कोळप्यामागे हे, दुसऱ्यामागे आमचा गडी, आणि मागून आम्ही बायका खुरपी घेऊन. सकाळीच भागाक्का बांधावर आली. ह्यांना म्हणाली, "दादा, आज तुमचं होऊ द्या. उद्याच्याला सकाळी द्या मला. एक दिवस पुरंल. माझं काही लई न्हाई."

"उद्या सकाळी घेऊन जा," हे म्हणाले. आभाळ इतकं निळं होतं की उद्याची कुणाला शंकाच वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ती सांगितल्याप्रमाणे आली. बरोबर आबा, तिची बैलजोडी, बैलांच्या तोंडाला मुसकी बांधून तयार. सरू पण होती, तिच्या हातात भाकरीचं फडकं. दिवसभराची तयारी करूनच आली होती ती. आमच्या शेताचा नाल्याकडचा पट्टा अजून बाकी होता. दुपार टळेपर्यंतचं काम. आदल्या दिवशी गडी पायाला पास लागून तासभर बसला होता, त्यामुळे राहिलं होतं.

ह्यांनी बैल थांबवले. बांधावर उभ्या असलेल्या भागाक्काकडे बघितलं, मग राहिलेल्या पट्ट्याकडे. आत्याबाई घरी होत्या. असत्या तर काही प्रश्नच नव्हता, त्यांनी शब्द दिला होता. हे तसे गरीब स्वभावाचे, त्यांना कुणाला नाही म्हणता यायचं नाही आणि हो म्हटलेलं झेपायचं नाही. ते माझ्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "काय करू गं? देऊ का?"

लग्न होऊन वर्ष झालं होतं. त्या वर्षात मला त्या घरात कुणी काही विचारलं नव्हतं. भाजी कोणती करायची हेसुद्धा नाही. ज्या जालनेवालीला जवारी आणि गवत कळत नव्हतं, तिला आज धनी भर शेतात विचारत होता की औताचं काय करू. बायकांनी खुरपी थांबवली होती. मला माझ्या कानांच्या पाळ्या तापलेल्या जाणवल्या. आणि मी, जाणत्या कारभारणीसारखं, पट्ट्याकडे बघून म्हणाले, "एवढं उरकून घ्या. संध्याकाळी देऊ."

बस्स. एवढंच. कुणी वाईट बोललं नाही, कुणी भांडलं नाही. हे म्हणाले, "बराबर हाय." बैल पुढे निघाले.  भागाक्का तिथेच बांधावर बसली, बैलांचे कासरे हातात धरून. मुसकी तिने सोडली नाहीत. सोडली तर बैल चरायला लागतील आणि मग ऐनवेळी आवरणार नाहीत, म्हणून. मी खुरपत खुरपत पुढे जायचे आणि वळून आले की ती दिसायची. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता थोडंच राहिलं.

एक गोष्ट मला पुढे कितीतरी वर्षांनी सुचली, आणि सुचली तेव्हा मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. आमच्याकडे कोळपी दोन होती. त्यातलं एक दिलं असतं तर? आमचं काम थोडं रेंगाळलं असतं, तिचं अर्धं शेत त्या दिवसात निघालं असतं. इतकं सोपं. पण ते ना ह्यांना सुचलं, ना मला, ना तिला. 'कोळपं' म्हटलं तरी मागणं जोडीचंच असायचं, कारण कोळप्यांची जोडी एका जुवामागे चालते. ती फोडून एक इकडे एक तिकडे, असं कुणी कधी केलंच नव्हतं. जे कधी केलं नाही ते आमच्या डोक्यात येतच नसे. आम्ही माणसंही ओळ सोडून चालत नव्हतो.

दुपार कलायला लागली तसं नाल्यापलीकडे आभाळ भरू लागलं. आधी मला वाटलं, माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली आहे. भागाक्का उठली. आबांना बांधावरच ठेवून ती बैल घेऊन आपल्या शेतात गेली आणि तिथे तिने आपलंच दोन वितीचं कोळपं जुंपलं. आबा ओरडले, "अगं, पीक कापतीस काय!" बाईने औताचं रुमणं धरायची रीत नव्हती. तिने धरलं. पदर खोचला आणि एक तास, औताची एक फेरी, काढला, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्ही सगळे काम थांबवून बघत होतो. रुंद पास अरुंद ओळींतून चालली. तिच्या मागे तण आडवं पडत गेलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी जवारीही आडवी पडत गेली, सारखीच, एका जातीची असल्यासारखी. टोकाला पोचून तिने मागे वळून बघितलं. मग बैल सोडले.

दिवस मावळायच्या थोडं आधी आमचा पट्टा उरकला. ह्यांनी खरोखर घाईने कोळपं सोडलं, खांद्यावर घेतलं आणि बांध ओलांडून तिच्या शेतात नेऊन ठेवलं. शब्द पाळला. हे परत बांधापर्यंत येत होते तेवढ्यात पहिले थेंब पडले.

त्यानंतर पुन्हा बारा दिवस.

मी गेले होते तिच्या शेतात, खुरपं घेऊन. झड चालू असतानाच. आत्याबाईंना न सांगता. घोट्याएवढ्या चिखलात आम्ही दोघी खुरपत होतो. खुरप्याला माती चिकटून त्याचा गोळा व्हायचा, दर चार हातांवर तो काढावा लागायचा. जे उपटत होतो ते ठेवायला कोरडी जागा नव्हती. आदल्या दिवशी बांधावर पालथा टाकलेला केना दुसऱ्या दिवशी तिथूनच कोंब काढून उभा होता. निळी फुलंसुद्धा आली होती त्याला. सरू ती फुलं वेचून आईला दाखवत होती.

मी रडायला लागले. म्हणाले, "भागाक्का, मी तसं म्हणायला नको होतं. मला शिव्या घाल."

तिने खुरप्याचा चिखल बोटाने काढला. "शिव्या कशाला?" ती म्हणाली. "तुला पहिल्यांदाच कुनी इचारलं व्हतं ना? मी बघत व्हते की तुझ्या तोंडाकडं. किती फुलली व्हतीस." मग पुढचा केना उपटत म्हणाली, "मला अजून कुनी इचारलं न्हाई बघ. मला इचारलं असतं तर मी बी हेच म्हनले असते. जाय घरी. आत्याबाई वाट बघून राह्यल्या असतील."

तिने शिव्या दिल्या असत्या तर आज माझं म्हातारपण हलकं गेलं असतं, असं मला वाटतं. राग धुऊन निघतो. हे निघत नाही.

पोळ्याला चार दिवस असताना तिने कोळपं परत आणून दिलं. बारा दिवस पावसात पडलेलं असून ते स्वच्छ होतं. तिने ते धुऊन, पासेला करडईच्या तेलाचं बोट लावून आणलं होतं, उसनं घेतलेलं भांडं रिकामं देऊ नये तसं. ह्यांनी पासेवरून अंगठा फिरवला. तीन वेळा केलेली धार जशीच्या तशी होती. ते कोळपं भिंतीला टेकवून आत गेले. माझ्याकडे बघितलंही नाही. त्यानंतर चाळीस वर्षं संसार केला, पण शेताचं काय करायचं हे त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आज मुलगा विचारतो, 'आई, फवारणी कधी करू?' मी म्हणते, तुझं तू बघ. त्याला वाटतं, आईला आता कळत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भागाक्का गेली. दिराने बैलगाडी दिली होती, तेवढं त्याने केलं. पारावरच्या चौघांनी पुन्हा माना डोलावल्या. एक साल दिलं होतं, रान तणात गेलं होतं, बोलण्यात कुठे खोट नव्हती. आबा मागेच राहिले, दिराकडे. सरू गाडीतून हात हलवत होती. भागाक्काने माझ्या हातात तिचं खुरपं ठेवलं आणि म्हणाली, "वळ बघत जा." माहेरी भावजयीच्या हाताखाली तिचं काय झालं, मला ठाऊक नाही. दोन-तीन वर्षं निरोप येत राहिले, मग थांबले. निजामाचं राज्य गेलं, नवं राज्य आलं, कूळकायदे झाले, जमिनी कुणाकुणाच्या नावावर झाल्या. तिच्या नावावर काही झालं नाही. तिचं खुरपं मी जपलं होतं, पण हसनाबादहून जालन्याला घर बदलताना ते कुणीतरी भंगारात दिलं.

एवढी गोष्ट मी मुलांना सांगितली आहे, सुनेलाही सांगितली आहे. ऐकून सून म्हणाली होती, "आई, तुमचा काय दोष? पाऊस आला." असं सगळेच म्हणतात, आणि मी तिथेच थांबते. पुढचं सांगत नाही.

पुढच्या साली दिराला एवढं शेत एकट्याला उरकेना. बैल पुरेनात. त्याने भागाक्काचं ते शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर, द्यायचं ठरवलं, आणि बांधाला बांध असल्यामुळे ते आम्हालाच दिलं. आम्ही घेतलं. पेरणी आमच्या तिफणीने झाली. श्रावणात वेळेवर उघडीप पडली, वाफसा चांगला चार दिवस टिकला, आणि आमची दोन्ही कोळपी त्या शेतातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. ओळी बराबर दीड वितीच्या होत्या. मी मागून खुरपत होते. एक रोपही कापलं गेलं नाही.

जवारी चांगली आली. आम्ही ती वर्षभर खाल्ली.